ओळखीची चिन्हं, वेगळे नियम : पायथनचे ऑपरेटर शिकताना

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची प्राथमिक परीक्षा मी नुकतीच दिली. अभ्यासक्रमात लूप होते, फंक्शन्स होती, याद्या होत्या. पण माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो ऑपरेटरच्या, म्हणजे बेरीज, तुलना अशी कामं सांगणाऱ्या चिन्हांच्या धड्यावर. बहुतेक कोर्समध्ये हा धडा एका तक्त्यात उरकतात. अधिक, उणे, गुणिले, भागिले सगळ्यांनाच येतं, मग त्यात शिकवायचं काय, असा सूर असतो. माझ्यासारखी वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये काम केलेली आणि इंजिनिअरिंगशी काही संबंध नसलेली माणसं नेमकी तिथेच अडखळतात, कारण चिन्हं ओळखीची असतात आणि नियम वेगळे. त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

सुरुवात जानेवारीत झाली. आमच्या विभागात शिफ्टचे तास मोजण्याचं काम माझ्याकडे आहे. रात्रपाळी तारीख ओलांडून जाते, शीट वाढत जाते आणि सूत्रं इतकी लांबतात की महिन्याभराने आपलंच सूत्र आपल्याला कळत नाही. म्हणून पायथन शिकायचं ठरवलं. भाषा फुकट आहे, अधिकृत साइटवरून उतरवून घेता येते. पण ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही टाकायचं तर परवानगी लागते. अर्ज भरला, त्यात ‘कामासाठी गरज का’ या रकान्यात दोन ओळी लिहिल्या, साहेबांची मंजुरी घेतली आणि अर्ज आयटीकडे गेला. मग वाट पाहणं. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण नेमकी कोणती आवृत्ती हवी ते मागितलं होतं. तुम्हालाही असा अर्ज करावा लागला तर आवृत्तीचा क्रमांक, उतरवण्याचा अधिकृत पत्ता आणि ‘फक्त माझ्या युजरपुरतं इन्स्टॉल’ ही नोंद सुरुवातीलाच द्या. परवानगी येईपर्यंत मी ब्राउझरमध्ये चालणारा इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेला कोड चालवून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरला. ऑपरेटर शिकायला तेवढा पुरतो, त्यामुळे परवानगीसाठी अभ्यास थांबवू नका.

पुढची उदाहरणं वाचण्याआधी एक सूचना. मी इथे अंक आणि नावं देवनागरीत लिहिते आहे. पायथन ३ला व्हेरिएबलची, म्हणजे किमती ठेवायच्या जागांची, नावं देवनागरीत चालतात, ‘तास = ८’ यातलं ‘तास’ तो आनंदाने स्वीकारतो. अंक मात्र कोडमध्ये इंग्रजीच टाइप करायचे. देवनागरी आठ थेट लिहिला तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक, येते. गंमत म्हणजे तोच आठ अवतरणचिन्हांत घालून ‘इंट’ या फंक्शनला दिला तर त्याचा व्यवस्थित आकडा होतो. अँड, ऑर, नॉट, इफ हे राखीव शब्दही इंग्रजीतच लिहावे लागतात.

पहिला धक्का बेरजेलाच बसला. वापरणाऱ्याकडून दोन आकडे घ्यायचे आणि त्यांची बेरीज छापायची, असा सराव होता. २ आणि ३ दिले, उत्तर आलं २३. एक्सेलमध्ये एखाद्या सेलमध्ये आकडा मजकूर म्हणून बसला असला तरी अधिक चिन्ह लावलं की तो बहुतेक वेळा गुपचूप आकडा होऊन बेरीज होते. पायथन तसं करत नाही. ‘इनपुट’ने आलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी मजकूर, म्हणजे स्ट्रिंग असते, आणि दोन स्ट्रिंगमध्ये अधिक चिन्ह आलं की तो त्या एकमेकींना जोडतो. "२" * ३ लिहिलं तर २२२ येतं. "२" + ३ लिहिलं तर मात्र तो सरळ नकार देतो, टाइप एरर, म्हणजे प्रकार जुळत नाहीत. इथेच मला ऑपरेटरचं मर्म कळलं असं वाटतं: काम एकट्या चिन्हावर ठरत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना काय बसलं आहे त्यावर ठरतं. त्या बाजूंच्या किमतींना ऑपरंड म्हणतात. तेव्हापासून एखादं उत्तर विचित्र आलं की मी आधी चिन्हाकडे न बघता दोन्ही ऑपरंडचा प्रकार ‘टाइप’ फंक्शनने तपासते. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

भागाकाराला मी मुद्दाम जास्त वेळ दिला. पायथनमध्ये भागाकाराची चिन्हं दोन. एका स्लॅशने ७ / २ केलं की ३.५ येतं, आणि ८ / २ केलं तरी ४.० येतं, म्हणजे उत्तर नेहमी दशांश प्रकारात. दोन स्लॅशने ७ // २ केलं की ३ येतं, पूर्ण भाग तेवढा. माझ्याकडे कोणीतरी दिलेल्या जुन्या नोट्स होत्या, त्यांत ७ / २ चं उत्तर ३ छापलेलं होतं. नोट्स चुकीच्या नव्हत्या, पायथन २च्या काळातल्या होत्या. तिथे दोन पूर्णांकांना एका स्लॅशने भागलं तर पूर्णांकच येत असे. पायथन ३ डिसेंबर २००८मध्ये आलं आणि हा नियम बदलला. पायथन २चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, पण त्या काळातला मजकूर अजून सगळीकडे फिरतो आहे. म्हणून कुठलंही साहित्य हाती घेताना त्यात ७ / २ चं उत्तर काय दिलं आहे ते बघा. ३ असेल तर बाजूला ठेवा.

मग ऋण संख्या. –७ // २ चं उत्तर काय? मी कागदावर –३ लिहिलं होतं, पडद्यावर –४ आलं. दोन स्लॅश म्हणजे ‘दशांश भाग कापून टाकणे’ असं सगळीकडे सांगतात, पण पायथन कापत नाही, तो खालच्या पूर्णांकाकडे जातो. –३.५ च्या खालचा पूर्णांक –४. जावा आणि सी या भाषा शून्याच्या दिशेने कापतात, तिथे –३ येतं. याच्याशीच बाकी बांधलेली आहे. पर्सेंटचं चिन्ह इथे टक्के दाखवत नाही, भागाकारानंतर उरलेली बाकी देतं. –७ % २ पायथनमध्ये १ येतं, जावात –१. दोन्ही भाषा आपापल्या जागी सुसंगत आहेत, कारण भागाकार गुणिले भाजक अधिक बाकी म्हणजे मूळ संख्या, हा शाळेतला ताळा दोन्हीकडे जुळतो: –४ गुणिले २ म्हणजे –८, त्यात १ मिळवला की –७.

हे सगळं बारकाव्यासाठी बारकावा वाटेल. पण माझं मूळ काम याच नियमावर सुटलं. रात्रपाळी २२ वाजता सुरू होते आणि सकाळी ६ला संपते. सरळ वजाबाकी केली तर ६ – २२, म्हणजे –१६ तास. आता हेच (६ – २२) % २४ असं लिहा. उत्तर ८. दिवसपाळी ९ ते १७ असेल तर (१७ – ९) % २४, तिथेही ८. ‘शेवट सुरुवातीपेक्षा लहान असेल तर २४ मिळवा’ अशी अट लिहायची गरजच उरत नाही. मिनिटं असतील तर सगळं मिनिटांत करून घ्यायचं. पाळी २२:३० ते ६:१५. मध्यरात्रीपासून मोजली तर सुरुवात १३५० मिनिटांवर, शेवट ३७५ वर. (३७५ – १३५०) % १४४० म्हणजे ४६५. मग ४६५ // ६० ने ७ तास आणि ४६५ % ६० ने ४५ मिनिटं. मी हे बोटं मोजून पडताळलं, बरोबर आहे. हाच हिशेब जावात लिहिला तर बाकी ऋण येते आणि वेगळी काळजी घ्यावी लागते. एक मर्यादाही लक्षात ठेवा: सुरुवात आणि शेवट एकच वेळ असेल तर उत्तर शून्य येतं, २४ तास येत नाही. तो निर्णय आपला आपण घ्यावा लागतो, ऑपरेटर घेत नाही.

ज्या संध्याकाळी हे जमलं त्या संध्याकाळी मला खरंच फार आनंद झाला होता. शीटमधल्या लांबलचक सूत्राच्या जागी एक ओळ आली होती आणि ती का चालते ते मला शब्दांत सांगता येत होतं.

फेब्रुवारीत घात आणि तुलना. एक्सेलमध्ये घातासाठी टोपीसारखं चिन्ह वापरतात, २^३ म्हणजे ८. पायथनमध्ये घातासाठी दोन फुल्या, २ ** ३. टोपीचं चिन्ह तिथेही आहे, पण ते बिटांवरचं, म्हणजे संख्येच्या ० आणि १ अशा अंकांवरचं, वेगळंच काम करतं आणि २ ^ ३ चं उत्तर १ देतं. एरर येत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. आणखी एक फरक एक्सेलवाल्यांनी वहीत लिहून ठेवावा असा आहे. सेलमध्ये =-२^२ लिहिलं तर ४ येतं, कारण एक्सेल आधी ऋण चिन्ह लावतं. पायथनमध्ये -२ ** २ म्हणजे –४, कारण आधी घात, मग ऋण चिन्ह. आणि घातामागून घात आला तर पायथन उजवीकडून सुरुवात करतो: २ ** ३ ** २ म्हणजे आधी ३चा वर्ग ९, मग २चा नववा घात, ५१२. डावीकडून गेलात तर ६४ येईल.

बरोबरच्या चिन्हाचा इतिहास मी याच काळात वाचला आणि माझा गोंधळ एकदम कमी झाला. दोन समांतर रेघांचं हे चिन्ह वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७मध्ये छापलेल्या पुस्तकात पहिल्यांदा वापरलं, दोन बाजू समान आहेत हे सांगायला. पुढे १९५७च्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेने तेच चिन्ह ‘उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेव’ या आज्ञेसाठी घेतलं. अल्गोल या भाषेने त्यासाठी कोलन आणि बरोबर असं जोडचिन्ह घेतलं होतं, पण सी आणि तिच्यामागून आलेल्या भाषा फोरट्रानच्या वाटेने गेल्या. म्हणून आज पायथनमध्ये एक बरोबर म्हणजे ठेवणं आणि दोन बरोबर म्हणजे विचारणं. तास = तास + १ हे गणित म्हणून वाचलं तर अशक्य आहे, आज्ञा म्हणून वाचलं तर सरळ आहे. तेच तास += १ असंही लिहितात. इतर भाषांतलं दोन अधिकांचं चिन्ह पायथनमध्ये नाही. ++तास लिहिलं तर एरर येत नाही आणि किंमत वाढतही नाही, तो फक्त दोनदा धन चिन्ह लावतो.

मजकुराची तुलना करताना एक्सेलचं बरोबर चिन्ह इंग्रजी मोठी-लहान अक्षरं सारखीच धरतं, पायथनचं दोन बरोबर तसं धरत नाही. आपल्याकडच्या याद्यांत नावं कशीही टाइप केलेली असतात, तेव्हा तुलना करण्याआधी दोन्ही बाजू लहान अक्षरांत करून घ्या.

मग तो प्रसिद्ध हिशेब, ०.१ + ०.२. पायथन उत्तर देतो ०.३०००००००००००००००४, आणि ते ०.३ला समान आहे का असं विचारलं तर ‘फॉल्स’, म्हणजे खोटं. यात पायथनचा दोष नाही. एकतृतीयांश जसा दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसा ०.१ हा द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, आणि बहुतेक भाषा १९८५च्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे ५३ बिटांच्या अचूकतेने जवळची संख्या ठेवतात. एक्सेलही तेच करतं, फक्त १५ अंकांपर्यंतच दाखवतं, म्हणून आपल्याला दिसत नाही. मी यावरून दोन सवयी लावून घेतल्या. वेळ नेहमी पूर्ण मिनिटांत आणि पैसे सगळ्यात लहान एककात, म्हणजे पूर्णांकातच ठेवायचे. आणि दशांश संख्यांची तुलना करायचीच झाली तर दोन बरोबर न लावता ‘मॅथ’ या गणिताच्या तयार मॉड्यूलमधलं, दोन संख्या पुरेशा जवळ आहेत का ते सांगणारं ‘इझक्लोज’ वापरायचं.

मार्चमध्ये अँड, ऑर, नॉट. आपण बोलताना म्हणतो, ‘शिफ्ट रात्रीची किंवा संध्याकाळची असेल तर’. तसंच्या तसं लिहिलं, शिफ्ट == "रात्र" ऑर "संध्याकाळ", की ही अट कायम खरी ठरते. पायथन ती अशी वाचतो: शिफ्ट रात्र आहे का, किंवा "संध्याकाळ" ही स्ट्रिंग खरी आहे का? रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग त्याच्या लेखी खरीच. म्हणून दोन्हीकडे पूर्ण तुलना लिहायची, नाहीतर ‘इन’ ऑपरेटर घ्यायचा: शिफ्ट इन ("रात्र", "संध्याकाळ"). मला दुसरं जास्त आवडतं, वाचायला सोपं आहे. पायथनची एक सोय मात्र मनापासून आवडली. ९ <= तास < १७ असं वहीतल्यासारखं सलग लिहिता येतं आणि त्याचा अर्थही वहीतलाच होतो. सीमध्ये हे असं लिहिलं तर पहिल्या तुलनेचं उत्तर १ किंवा ० येतं आणि पुढे तेच १७शी ताडलं जातं, म्हणून अट नेहमी खरी.

अँडचा आणखी एक गुण एक्सेलच्या अँडमध्ये नाही. एक्सेल कंसातल्या सगळ्या अटी तपासतं, त्यामुळे पहिल्या अटीत ‘दिवस शून्य नाहीत’ असं विचारून दुसरीत दिवसांनी भागलं तरी शून्य आलं की चूक दाखवतंच. पायथन डावीकडून बघतो आणि पहिली अट खोटी निघाली की दुसरीकडे वळतही नाही. दिवस != ० अँड तास / दिवस > ८ ही ओळ म्हणून सुरक्षित आहे. अटींची जागा बदलली तर सुरक्षितता गेली.

लीप वर्षाचा सराव प्रत्येक कोर्समध्ये असतो. तो टाळू नका, सगळा धडा त्यात आहे. १५८२च्या ग्रेगोरियन सुधारणेचा नियम असा: ४ने भाग जायला हवा, पण शतकाचं वर्ष असेल तर ४००ने. कोड होतो वर्ष % ४ == ० अँड (वर्ष % १०० != ० ऑर वर्ष % ४०० == ०). मी १९००, २०००, २०२३, २०२४ ही चार वर्षं घालून बघितली. १९००ला ‘फॉल्स’ यायला हवं आणि आलं. (एक्सेल मात्र १९००ला लीप वर्ष मानतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी ती चूक त्यांनी तशीच ठेवली.) मग कंस काढून बघितले. अँडचा मान ऑरच्या आधी, म्हणजे गट वेगळे पडतात. तरीही उत्तरं तीच आली! यावर मी बराच वेळ बसले. कारण असं की ४००ने भाग जाणारं प्रत्येक वर्ष ४नेही भागलं जातं, म्हणून इथे दोन्ही गट एकाच ठिकाणी पोचतात. ‘उत्तर बरोबर आलं’ एवढ्यावर समाधान मानलं असतं तर अँड-ऑरचा क्रम मला कळला असं वाटून मी पुढे गेले असते. अशा वेळी आकडे काढून टाकून नुसतं ट्रू, ट्रू, फॉल्स घालून बघावं. ट्रू ऑर ट्रू अँड फॉल्स म्हणजे ट्रू; (ट्रू ऑर ट्रू) अँड फॉल्स म्हणजे फॉल्स. इथे फरक उघडा पडतो.

प्राधान्यक्रमाचा पूर्ण तक्ता पाठ करावा असं मला वाटत नाही. घात, मग ऋण चिन्ह, मग गुणाकार-भागाकार-बाकी, मग बेरीज-वजाबाकी, मग तुलना, मग नॉट, अँड, ऑर, एवढं डोक्यात असलं की परीक्षेला पुरतं. कामाच्या कोडमध्ये मी कंस घालते, नको असले तरी घालते. सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला तेवढीच मदत.

‘इझ’ या ऑपरेटरला मी थोडक्यात उरकलं. तो किंमत समान आहे का हे विचारत नाही, मेमरीतली वस्तू तीच आहे का ते विचारतो. लहान पूर्णांक पायथन आधीच तयार ठेवतो, त्यामुळे त्यांच्यावर ‘इझ’ चालतोय असा भास होतो. ‘नन’शी, म्हणजे ‘किंमतच नाही’ या खुणेशी, तुलना करायला तो वापरा, आकड्यांना आणि मजकुराला दोन बरोबर. बिटांवरचे ऑपरेटर परीक्षेपुरते केले: ५ & ३ म्हणजे १, ५ | ३ म्हणजे ७, ५ ^ ३ म्हणजे ६, १ << ३ म्हणजे ८, ~५ म्हणजे –६. माझ्या कामात त्यांचा अजून उपयोग पडलेला नाही.

एप्रिलमध्ये परीक्षेचा फॉर्म भरला. कोर्स फुकट होता, परीक्षेला आणि प्रमाणपत्राला फी होती. फॉर्मवरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. माझ्या ओळखपत्रावर मधलं नाव आहे, फॉर्मवर नव्हतं, ते दुरुस्त करून घ्यायला ईमेल आणि पुन्हा ओळखपत्राची प्रत, यात बरेच दिवस गेले. हे फी भरण्याआधीच तपासा. घरून परीक्षा द्यायची असेल तर कॅमेरा आणि नेटची तपासणी आदल्या दिवशी करून ठेवा, आणि ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका, त्यावरचे निर्बंध परीक्षेच्या सॉफ्टवेअरला अडवतात.

परीक्षेच्या सकाळी हात गार पडले होते. प्रश्न बहुतेक ‘हा कोड काय छापेल?’ अशा धाटणीचे. इथे माझी एक सवय कामाला आली. पहिल्या दिवसापासून मी प्रत्येक ओळ चालवण्याआधी उत्तर कागदावर लिहीत होते, मगच एंटर दाबत होते. जुळलं नाही की तिथे खूण. परीक्षेच्या आदल्या रात्री मी फक्त त्या खुणा वाचल्या: ऋण भागाकार, एका स्लॅशचं ४.०, उजवीकडून घात, ऑरनंतरची अर्धी अट. ऑपरेटरवरचे जवळपास सगळे प्रश्न याच जागांवरून फिरत होते. वेळ कमी पडत असेल तर प्रत्येक ओळीत आधी कंस मनात घाला आणि मग आकडे टाका, उलट केलं की गडबड होते.

निकाल त्याच दिवशी पडद्यावर दिसला, प्रमाणपत्र मागाहून ईमेलने आलं. शिफ्टचा हिशेब आता पायथनवर आहे. पहिला महिना जुनी शीट आणि नवा प्रोग्रॅम दोन्ही चालवून मी आकडे ताडून बघितले, आणि बरोबर २४ तासांची पाळी लावता येते का हे विभागाला लेखी विचारून घेतलं. तशी पाळी लावत नाहीत असं उत्तर आल्यावरच ती % २४ने बाकी काढणारी ओळ कायम केली.